पोलिसावर उगारलेला हात कोणाचा?

(संविधानदिनी बुद्धविहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या दिवशी संविधानाची थोरवी सांगणारी भाषणे गावोगाव होत असतील. ती व्हावयासच हवीत. परंतु मी आज थोरवी गाण्यास उभा राहिलेलो नाही. मी एका फौजदारी खटल्याची हकीकत आपणांपुढे ठेवणार आहे. खटला अमेरिकेतला आहे. आरोपी गोरा आहे. ज्याच्यावर हल्ला झाला तो पोलीस अधिकारीही आपल्या ओळखीचा नाही. मग त्या खटल्याशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध एवढाच की, ज्या समाजाच्या तरुणांची नावे दंगलीच्या फिर्यादीत पुनःपुन्हा गोवली जातात, त्या समाजाने दंगलीचा खरा खटला कसा उभा राहतो आणि कसा मोडला जातो, हे एकदा तरी मुळापासून पाहिले पाहिजे. आपल्याला फिर्याद माहीत आहे, अटक माहीत आहे, कोठडी तर चांगलीच माहीत आहे. पुरावा ही चीज मात्र आपल्या वाट्याला फार कमी वेळा आली आहे.

प्रथम हकीकत सांगतो. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली व तीत त्या वेळचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचा पराभव झाला. हा पराभव त्यांनी मान्य केला नाही. ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टन येथे, कॅपिटॉल नावाच्या संसदगृहात, मतांची अंतिम गणना चालू असता त्यांच्या समर्थकांचा मोठा जमाव त्या इमारतीवर चालून गेला. कठडे मोडले, खिडक्या फोडल्या, प्रतिनिधींना जीव वाचविण्यासाठी सभागृह सोडावे लागले, आणि गणना कित्येक तास बंद पडली. सुमारे १४० पोलीस अधिकाऱ्यांवर त्या दिवशी हल्ले झाले.

या जमावात एका इसमाने एक झेंडा खांद्यावर टाकून संसदगृहाच्या दालनांतून फेरी मारली. तो झेंडा दक्षिणेकडील गुलामधारक राज्यांच्या बंडाचा होता. निग्रो माणसाला बाजारात विकण्याचा आपला हक्क अबाधित राहावा म्हणून ज्या राज्यांनी १८६१ साली युद्ध पुकारले, त्यांचा तो झेंडा. कॅपिटॉलच्या पहाऱ्यावरील हॅरी डन या कृष्णवर्णी अधिकाऱ्याने पुढे जुलै २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीपुढे साक्ष दिली. जमावाने आपल्या वर्णावरून आपणांस कोणत्या शिव्या दिल्या, हे त्याने अश्रू आवरीत सांगितले. अंगावर सरकारी गणवेश असला तरी शिवी जातीचीच मिळते, हे ऐकून आपल्यापैकी जे पोलीस खात्यात नोकरी करतात त्यांना फारसे नवल वाटणार नाही.

आता त्या खटल्याकडे येतो. आरोपीचे नाव घेण्याचे मला प्रयोजन वाटत नाही; त्याची कृती तेवढी महत्त्वाची आहे. हा मनुष्य कोणी गावगुंड नव्हता. तरुणपणी तो मरीन सैन्यदलात होता व नंतर वीस वर्षे न्यूयॉर्क शहराच्या पोलीस दलात नोकरी करून निवृत्त झालेला होता. म्हणजे जमावापुढे उभ्या असलेल्या शिपायाची अवस्था काय असते, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? तो वॉशिंग्टनला आला तेव्हा अंगात गोळी अडविणारे जाकीट होते आणि हातात धातूच्या काठीवर मरीन दलाचा झेंडा होता. बरोबर पिस्तूलही आणले होते, ते त्याने हॉटेलच्या खोलीत ठेवले.

कॅपिटॉलच्या पश्चिमेकडील चौथऱ्यावर पोलिसांनी लोखंडी कठड्यांची रांग धरलेली होती. हा इसम गर्दीतून वाट काढीत त्या रांगेशी आला, एका अधिकाऱ्यास अर्वाच्य शिव्या देऊ लागला आणि कठडा ढकलू लागला. अधिकाऱ्याने त्यास हाताने मागे लोटले. तेव्हा त्याने झेंड्याची काठी उगारून खाली हाणली, ती कठड्यावर आदळली. अधिकाऱ्याने ती काठी हिसकावून घेतली. मग हा रिकाम्या हातांनी त्याच्या अंगावर धावून गेला, त्यास जमिनीवर पाडले, आणि अश्रुधुरापासून बचाव करण्यासाठी त्याने घातलेला मुखवटा ओढू लागला. मुखवट्याचा पट्टा हनुवटीखाली आवळला जाऊन त्या अधिकाऱ्याचा श्वास कोंडला.

हे सारे अधिकाऱ्याच्या छातीवरील कॅमेऱ्याने टिपले होते, आणि इतरांच्या चित्रफितीही होत्या. खटला बारा पंचांच्या ज्यूरीपुढे चालला. न्यायाधीश होते अमित मेहता. त्यांचा जन्म गुजरातेतला, हे जाता जाता सांगतो. आरोपीने स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून आपली बाजू मांडली. तो म्हणाला, आधी अधिकाऱ्याने मला मारले, मी केला तो केवळ बचाव. बंधुभगिनींनो, हा बचाव न्यायालयाने हसण्यावारी नेला नाही. ज्या अधिकाऱ्यावर हल्ला झाला त्याची साक्ष झाली, आरोपीच्या वकिलाने त्याची उलटतपासणी घेतली, चित्रफीत पुनःपुन्हा दाखविण्यात आली. पोलीस म्हणतो म्हणून ते खरे, असे कोणी धरून चालले नाही. नंतर २ मे २०२२ रोजी ज्यूरीने तीन तासांच्या आत सहाही आरोपांवर त्यास दोषी ठरविले. सरकारी वकिलांनी साडेसतरा वर्षांची शिक्षा मागितली होती. १ सप्टेंबर २०२२ रोजी न्यायाधीशांनी १० वर्षांची शिक्षा फर्माविली. त्या दंगलीच्या खटल्यांत तोपर्यंत झालेली ही सर्वांत मोठी शिक्षा होती.

या खटल्यात मला जी गोष्ट फार मोलाची वाटते ती दहा वर्षांचा आकडा नव्हे. शिक्षा कमी-अधिक होतच असतात. मोलाची गोष्ट ही की, हजारोंच्या जमावातून एक हात वेगळा काढला गेला. कोणाचा हात, कोणावर, किती वाजता, कशाने, हे दाखविले गेले. त्या दंगलीत चार वर्षांत पंधराशेहून अधिक इसमांवर खटले भरण्यात आले. त्यांतील सुमारे सहाशे जणांवर पोलिसांवर हल्ला करणे वा त्यांस अडथळा करणे हा आरोप होता, आणि त्यातही घातक हत्यार वापरल्याचा आरोप असलेले पावणेदोनशेच्या आसपास होते. बाकीच्यांपैकी पुष्कळांवर बेकायदा आत शिरल्याचा किरकोळ गुन्हा होता, व त्यांना शिक्षाही तशीच किरकोळ झाली. तेथील कायद्यात पोलीस अधिकाऱ्याच्या अंगाला हात लावला तर ८ वर्षांपर्यंत, आणि हत्यार वापरले किंवा इजा केली तर २० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ज्याने जेवढे केले तेवढेच त्याच्या माथी मारावयाचे, हे तत्त्व तेथे बव्हंशी पाळले गेले. जेथे सरकारी वकिलांनी कायदा ताणला तेथे न्यायालयाने त्यांना आवरले. सरकारी कामकाजात विघ्न आणण्याचे एक कलम शेकडो आरोपींवर लावले होते. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचा अर्थ आकुंचित केला व पुष्कळांवरील तो आरोप गळला. पोलिसावरील हल्ल्याचे कलम मात्र जसेच्या तसे उभे राहिले.

येथे कोणी म्हणेल, पोलिसाची एवढी कड घेण्याचे आपल्याला काय कारण? आपल्या वस्तीत पोलीस येतो तो रक्षणास येतो की झडतीस येतो, हे काय आम्हांस ठाऊक नाही? हा प्रश्न रास्त आहे. मी तो टाळणार नाही. परंतु त्याचे उत्तर शोधावयास आपणांस अमेरिकेस जावे लागत नाही. महाडास जावे लागते.

२० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून परिषदेचे लोक परतत असता, हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी हूल उठली आणि सनातन्यांच्या जमावाने लाठ्याकाठ्यांनी त्यांच्यावर हल्ला केला. जेवणाच्या मंडपात, रस्त्यांवर, एकटेदुकटे गाठून लोकांना मारले. आपली माणसे काही दुबळी नव्हती. त्यांत सैन्यात नोकरी केलेले लोक होते, आणि बाबासाहेबांच्या एका शब्दाची ती वाट पाहत होती. फौजदार बंगल्यावर आला तेव्हा बाबासाहेबांनी त्यास सांगितले ते असे की, तुम्ही त्या बाजूस आवरा, माझ्या माणसांना मी आवरतो. आणि त्यांनी आवरले. शंभर जखमा झाल्या तरी उलट हात उचलला गेला नाही. त्यानंतर खटला झाला. हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. जिल्ह्याचे वरिष्ठ अधिकारी स्पृश्य हिंदू असते तर एवढाही न्याय मिळता ना, असा अभिप्राय बाबासाहेबांनी त्या वेळी व्यक्त केला होता.

या प्रसंगात दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. पोलीस आणि न्यायाधीश यांच्या मनात जात असते, ही जाणीव त्यात आहे. आणि तरीही आपल्या माणसाच्या हातून काठी उचलली जाऊ द्यावयाची नाही, हा निग्रहही त्यात आहे. कारण उघड आहे. ज्याच्यापाशी जमीन नाही, गावात संख्या नाही, कचेरीत नातलग नाही, त्याच्यापाशी कायद्यावाचून दुसरे काय आहे? रस्त्यावर ज्याचा जमाव मोठा त्याचे राज्य, असा न्याय एकदा रूढ झाला की त्यात पहिला बळी आपल्या वस्तीचा पडावयाचा. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी रक्तपाताचा मार्ग तर सोडण्यास सांगितलेच, पण सनदशीर मार्ग खुले असता सत्याग्रह आणि असहकार हेही अराजकाकडे नेतात, असे बजावले. पुढे आपल्या माणसांनी सत्याग्रह केले नाहीत असे नाही. डिसेंबर १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांचा सत्याग्रह केला आणि त्यात लक्षावधी माणसे तुरुंगात गेली. परंतु ती स्वतः होऊन गेली. शिपायाला ढकलून गेली नाहीत.

तेव्हा त्या निवृत्त पोलिसास झालेली शिक्षा योग्य होती, असे मी निःशंकपणे म्हणतो. निवडणुकीत हरलो म्हणून मतमोजणी काठीने बंद पाडण्यास जो जातो, तो शिपायाचा नव्हे, मताचा गळा आवळतो. आणि एक माणूस, एक मत ही आपली सर्वांत महाग मिळालेली वस्तू आहे.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या कायद्यातही ही कलमे आहेत. लोकसेवकास कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी त्याच्यावर हल्ला करणे हे पूर्वीच्या दंडसंहितेत कलम ३५३ होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम १३२ झाले आहे. लोकसेवकास दुखापत केली तर कलम १२१ आहे. दंगल शमविणाऱ्या लोकसेवकास अडविले तर कलम १९५ आहे. कलमांची वाण आपल्याकडे नाही. वाण आहे ती हात वेगळा काढण्याच्या इच्छेची. कारण या कलमांच्या जोडीला आणखी एक कलम येते: पूर्वीचे १४९, आताचे १९०. बेकायदा जमावाच्या समान उद्देशासाठी एकाने गुन्हा केला तर त्या जमावातला प्रत्येक जण त्या गुन्ह्यास जबाबदार, असे ते सांगते. कलम मुळात अन्याय्य आहे असे मी म्हणत नाही. खैरलांजीसारख्या प्रकरणात, जेथे सारा गाव मिळून एका कुटुंबावर तुटून पडतो, तेथे अशा कलमावाचून न्याय व्हावयाचा नाही. परंतु हेच कलम जेव्हा फिर्यादीत ‘इतर पाचशे ते सहाशे अनोळखी इसम’ या शब्दांबरोबर येते, तेव्हा ती फिर्याद राहत नाही, कोऱ्या कागदावर घेतलेली सही होते. नंतर रात्री वस्तीत जाऊन जो सापडेल त्याचे नाव त्या कोऱ्या जागेत भरता येते.

सर्वोच्च न्यायालयाने या धोक्याची दखल १९६४ सालीच घेतलेली आहे. मसलती नावाच्या आरोपीच्या खटल्यात न्यायालयाने असे म्हटले की, आरोपींची संख्या मोठी असेल तेव्हा एखाद्या आरोपीविरुद्ध दोन, तीन वा अधिक साक्षीदारांनी सुसंगत हकीकत सांगितली असेल तरच त्यास दोषी धरणे हा सावधगिरीचा मार्ग होय. हा निर्णय आपल्या वस्तीतील किती तरुणांना माहीत आहे? माझा अनुभव असा की पुष्कळांना आपल्यावर कोणते कलम लागले हेही माहीत नसते.

१ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगाव येथे मानवंदनेस गेलेल्या लोकांवर हल्ले झाले. ३ जानेवारीस महाराष्ट्र बंद झाला. त्यानंतर राज्यभर आपल्या तरुणांवर गुन्हे दाखल झाले. दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२० मध्ये, राज्याच्या गृहमंत्र्यांनी सांगितले की त्या प्रकरणातील ६४९ गुन्ह्यांपैकी ३४८ मागे घेतले आहेत. अनेकांनी त्याबद्दल सरकारचे आभार मानले. मी मानले नाहीत. जे गुन्हे निम्म्याहून अधिक मागे घेता येतात, ते दाखल करताना काय पाहिले होते, हा प्रश्न कोणी विचारला नाही. निर्दोषाची सुटका कृपेने झाली तर त्याच्या अंगावरचा डाग तसाच राहतो. आणि ज्याने खरोखरच कोणा शिपायाच्या डोक्यात दगड घातला असेल तोही त्याच दारातून बाहेर पडतो. दोघांतला फरक न्यायालयाने सांगावयाचा असतो, मंत्र्याने नव्हे. म्हणून तर खटला मागे घेण्यास न्यायालयाची संमती लागते, असे आपला कायदा सांगतो.

त्याच्याही मागे जाऊ. ११ जुलै १९९७. मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई नगरात सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झालेली दिसली. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि दहा माणसे मेली. तेव्हा समर्थन काय देण्यात आले? जमाव गॅसचे टँकर पेटविणार होता, म्हणून गोळीबार करावा लागला. चौकशी आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय ठरविला. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या उपनिरीक्षकास मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००९ साली जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीन मिळाला. माझे म्हणणे असे की, जमावाने हल्ला केला हा आरोप गणवेशातल्या माणसाने केला म्हणून सिद्ध होत नाही. तो वॉशिंग्टनमध्ये सिद्ध करून दाखवावा लागला. घाटकोपरात त्याची चौकशी झाली तेव्हा तो कोसळला. मधली बारा वर्षे त्या दहा घरांनी कशी काढली असतील, हे आपण आपल्या मनाशी जोखावे.

आणि परभणी तर अगदी कालची गोष्ट आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली. दुसऱ्या दिवशी बंद झाला, त्यात जाळपोळ व दगडफेक झाली. ती झाली नाही असे मी म्हणणार नाही. संविधानाच्या नावाने दगड मारणारा संविधानाचीच दुसऱ्यांदा विटंबना करतो. पण त्यानंतर जी धरपकड झाली तीत कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी हा ३५ वर्षांचा तरुण पकडला गेला. १५ डिसेंबर रोजी तो न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनात त्याच्या अंगावर अनेक जखमा आढळल्या. त्याच्यावर दंगलीचा आरोप होता. तो त्याने केला होता की नाही, हे आता कोणतेही न्यायालय सांगू शकणार नाही, कारण खटला चालण्यापूर्वीच आरोपी संपला. त्याच्या मातेने न्यायालयात धाव घेतली, तेव्हा जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. सरकार या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले होते, एवढेच सांगतो.

अमेरिकेतला दंगेखोर पोलिसाचा गळा आवळून घरी गेला. पुढच्या महिन्यात तो आपल्या पायांनी तपास अधिकाऱ्यांकडे हजर झाला, वकील मिळाला, पंच मिळाले, साक्ष देण्याची संधी मिळाली. ही त्याच्यावर मेहरबानी नव्हती. हीच कायद्याची रीत आहे. सर्वांना कायद्याचे समान संरक्षण, हे शब्द अमेरिकेने १८६८ साली गुलामगिरीच्या राखेतून आपल्या राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीत लिहिले. आपल्या संविधानाच्या कलम १४ मध्येही तेच तत्त्व आहे. तेथे ते शब्द निग्रोसाठी लिहिले गेले आणि त्यांचा पुरा लाभ गोऱ्या दंगेखोरास मिळाला, हा इतिहासाचा विनोद आहे. पण मी त्याबद्दल तक्रार करीत नाही. तो त्यास मिळाला तसाच सोमनाथला का मिळाला नाही, ही माझी तक्रार आहे.

आता त्या खटल्याचा शेवट ऐका. २० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प पुन्हा अध्यक्ष झाले, आणि त्याच दिवशी त्यांनी ६ जानेवारीच्या सुमारे पंधराशे आरोपींना पूर्ण माफी दिली. १४ जणांच्या शिक्षा कमी करून त्यांना मोकळे केले. जो नुसता आत शिरला तोही सुटला, ज्याने अधिकाऱ्याचा गळा आवळला तोही सुटला. आपला हा आरोपीही सुटला. शिक्षा होताना त्याने खेद व्यक्त केला होता, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. परंतु माफीने पश्चात्ताप झालेला आणि न झालेला असा भेद केला नाही. इतकेच नव्हे, त्या फर्मानात हे खटले म्हणजेच राष्ट्रावर झालेला घोर अन्याय होय, असे म्हटले आहे. म्हणजे अपराध झाला होता, तो आम्ही क्षमा करतो, असे ते फर्मान म्हणत नाही. अपराध झालाच नाही, असे ते म्हणते. ज्या पंचांनी चित्रफीत पाहून निर्णय दिला, ज्या अधिकाऱ्याने शपथेवर साक्ष दिली, ते सारे एका सहीने खोटे ठरले.

आपण बौद्ध आहोत. क्षमा आपणांस परकी नाही. अंगुलिमालाची कथा आपणांपैकी प्रत्येकास ठाऊक आहे, आणि बाबासाहेबांनी ती आपल्या ग्रंथात घेतली आहे. राजा प्रसेनजित घोडेस्वार घेऊन त्यास पकडण्यास निघाला होता. भगवंताने त्यास भिक्षू झालेला अंगुलिमाल दाखविला आणि राजाने शस्त्र खाली ठेवले. कोणी म्हणेल, ही माफीच नव्हे काय? परंतु कथा तेथे संपत नाही. तोच अंगुलिमाल भिक्षेस गेला असता लोकांनी त्यास दगडधोंडे मारले. डोके फुटून, भिक्षापात्र मोडून, चीवर फाटून तो परतला. भगवंताने त्यास काय सांगितले? हे सोस, हे तुझ्याच कर्माचे फळ आहे. तू काही केलेच नाहीस, असे भगवंत त्यास म्हणाले नाहीत. मारले गेलेल्या माणसांची आठवण त्यांनी पुसली नाही. माणूस बदलला म्हणून त्यास जवळ केले, आणि कृत्य होते तेथेच ठेवले. राजाने दिलेली माफी आणि राजकारणाने दिलेली माफी यांत हा फरक आहे.

आपल्या देशातही माफीचा आणि शिक्षा कमी करण्याचा अधिकार आहेच. राष्ट्रपतींना तो कलम ७२ खाली व राज्यपालांना कलम १६१ खाली आहे. पण आपल्या न्यायालयांनी तो मोकाट सोडलेला नाही. मनमानीने वापरला तर तो तपासता येतो, असे त्यांनी ठरविले आहे. गुजरातेत २००२ साली एका मुस्लिम भगिनीवर अत्याचार करून तिच्या आप्तांची हत्या करणाऱ्या ११ कैद्यांना १५ ऑगस्ट २०२२ रोजी शिक्षेत सूट देऊन सोडण्यात आले, त्यांना हारही घालण्यात आले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द करून त्यांना परत तुरुंगात पाठविले. या एका बाबतीत आपले संविधान अमेरिकेच्या पुढे आहे, आणि ते बाबासाहेबांच्या हाताखालून गेलेले आहे, याचा मला अभिमान वाटतो. पण ती भगिनी लढली म्हणून हे झाले. आपोआप झाले नाही.

शेवटी व्यवहाराचे थोडे बोलतो, कारण आज सभेत तरुण पुष्कळ आहेत. मोर्च्यात दगड हातात घेणारा मुलगा पाहिलात तर त्याचा हात तेथेच धरा. तो आपल्यातला नसेल तर त्याचे चित्रण करा. दंगलीत असे पाहुणे नेहमी असतात. अटक झाली तर अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, आणि नातलगास कळविणे, हे पोलिसांवर बंधनकारक आहे, डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हे नियम घालून दिले आणि पुढे ते कायद्यातही आले. न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले की मारहाण झाली असल्यास तेथल्या तेथे सांगा. घाबरून ‘काही तक्रार नाही’ म्हणू नका; तो एक शब्द पुढे जन्मभर नडतो.

आणि एक. त्या अमेरिकन शिपायाला न्याय मिळवून दिला तो त्याच्या छातीवरच्या कॅमेऱ्याने. कॅमेऱ्याला जात नसते, फक्त तो चालू असावा लागतो. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसह, कॅमेरे बसविण्याचा आणि त्यांतील चित्रण १८ महिने जपून ठेवण्याचा आदेश दिला आहे. १८ महिने म्हणजे फार काळ नव्हे. सणवार, तारखा आणि वकिलाची फी यांत तो केव्हा निघून जातो ते कळत नाही. म्हणून ज्यांच्या घरची मुले दंगलीच्या गुन्ह्यात धरली गेली आहेत, त्यांनी ते चित्रण मागणारा अर्ज या आठवड्यातच करावा. अर्जाचा मसुदा सभा संपल्यावर विहाराच्या कचेरीत मिळेल. येताना फिर्यादीची नक्कल बरोबर आणावी, कारण गुन्ह्याचा क्रमांक त्यात घालावा लागतो.